फुंकणी

या सदरात मी एरवी शब्दांच्या गमती सांगतो. एखादी म्हण कुठून आली, एखाद्या शब्दाचा अर्थ कसा पालटला, असले निरुपद्रवी विषय मराठीच्या प्राध्यापकाला शोभतात आणि वाचकांच्याही पचनी पडतात. दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘काहीतरी खुसखुशीत द्या’ असे बजावले होते. म्हणून मी ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण निवडली, चार टाचणे काढली, आणि तेवढ्यात मुरबाडहून आतेभावाचा फोन आला. “आईचे पाय सुजलेत. काल रात्रभर बसून काढली तिनं.” टाचणे तशीच राहिली. लिहायचे चुलीवरच होते आणि आजही चुलीवरच लिहितो आहे; खुसखुशीतपणाची हमी मात्र देत नाही.

माझी ही आत्या मूळची शहापूरची. सतराव्या वर्षी ती मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या वाटेवरच्या एका गावात नांदायला गेली. आम्हां भावंडांची दिवाळीची सुट्टी ठरलेली असे. शहापूरहून एस.टी.ने किन्हवलीमार्गे निघायचे, धुळीने पांढरे होऊन उतरायचे आणि भाताच्या कापणीने पिवळ्या झालेल्या बांधांवरून पळत थेट आत्याच्या स्वयंपाकघरात घुसायचे. कारवीच्या कुडाचे, कौलारू घर. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. कौलांत एक काचेचे कौल बसवलेले होते, त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली येई, आणि त्या कवडशात धूर असा काही वळसे घेत चढे की आम्ही मुले तो पाहत बसत असू. माझ्या बालपणीचा तो सिनेमाच म्हणा ना.

त्या धुराच्या मुळाशी आत्या बसलेली असे. पुढे चूल, बाजूला वैल, पाठीमागे भानवसावर मीठमसाल्याचे डबे आणि हातात लोखंडी फुंकणी. पावसाळ्यातले ओले सरपण सहजी पेटत नाही. मग ती वाकून, गाल फुगवून फुंकणीतून फुंकर घाली, डोळे पुशी, खोकला आला की पदर तोंडाशी धरी, आणि पुन्हा फुंके. चूल धडधडली की म्हणे, “आता बघा कशी बोलते ती!” त्या चुलीवरची चकली मी खाल्ली आहे. किती खाल्ल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि त्या करताना आत्याने किती धूर गिळला याचा तर मुळीच नाही.

धुराविषयी घरात कोणाची तक्रारही नव्हती. धुराने वासे टिकतात, वाळवी लागत नाही, शिंक्यावरच्या बियाण्याला कीड धरत नाही, असे आजी सांगत असे, आणि त्यात तथ्यही होते. उन्हाळ्याच्या शेवटी शेतात राब भाजत, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून जाळत, तेव्हा साऱ्या शिवारावर धूर पसरे. धूर हा त्या मुलखातल्या संसाराचा जोडीदारच होता. मग जोडीदाराविरुद्ध तक्रार कोण करणार?

आत्याचा खोकला दहाएक वर्षांपूर्वी सुरू झाला. प्रथम ‘दमा’ ठरला. पुढे एका दवाखान्यात थुंकी नीट न तपासताच क्षयाची औषधे सहा महिने झाली. त्यानंतर ‘वय झाले’ हे निदान आम्ही घरच्यांनीच केले, आणि त्याला कोणाची फी पडली नाही. विहिरीवरून हंडा आणताना ती दोनदा थांबू लागली, मग चार वेळा. मग हंडा सुनेकडे गेला. ओटीची तीन पायऱ्यांची चढण तिला डोंगर झाली. मी वर्षातून दोनदा जात असे, आणि दरवेळी ‘आत्या, प्रकृतीला जप हं’ असे सांगून परत येत असे. शब्द शिकवणाऱ्या माणसाचे शब्द कधीकधी किती पोकळ असतात!

पाय सुजल्यावर मात्र दादाने तिला गाडीत घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात आणले. बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावले. आकडा आला 84. निरोगी माणसाचा तो 95 च्या वर असतो. तरुण डॉक्टरांनी विचारले, “आजी, विडी ओढता का?”

आत्या संतापली. “मी? विडी?”

“मशेरी?”

“ती लावते. पण ती काय ओढायची असते?”

“मग स्वयंपाक कशावर?”

“चुलीवर. आता चूल काय ओढायची असते का डॉक्टर?”

“आजी,” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “पन्नास वर्षं तुम्ही चूलच ओढलीत.”

हे वाक्य मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले.

पुढे त्यांनी आम्हांला जे समजावले ते आपल्याही घरी उपयोगी पडेल म्हणून माझ्या भाषेत सांगतो. हृदयाचे दोन भाग. डावा साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, तो पैलवान. उजव्याकडे काम फक्त फुफ्फुसांपर्यंत रक्त नेण्याचे, आणि तिथला दाबही अगदी हलका. शरीरातल्या मोठ्या रोहिण्यांत सरासरी दाब 90 च्या आसपास, तर फुफ्फुसाच्या रोहिणीत 14 च्या आसपास. म्हणून उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. आपण दंडाला पट्टा बांधून जो रक्तदाब मोजतो तो डाव्याचा. उजव्याचा दाब त्या पट्ट्याला कळत नाही. आत्याचा ‘बी.पी.’ वर्षानुवर्षे उत्तम होता!

आता धूर आणि हृदय यांचा संबंध काय? भाताची खाचरे ज्याने पाहिली आहेत त्याला तो चटकन कळेल. ज्या खाचराचा बांध फुटला तिथे पाणी सोडून उपयोग नाही, म्हणून शेतकरी त्याची मोरी बुजवतो आणि पाणी दुसरीकडे वळवतो. फुफ्फुस हेच करते. जिथे हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या ते आवळून घेते, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे जावे. स्वीडनमधल्या ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या दोन शास्त्रज्ञांनी 1946 साली मांजरांवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवली. युक्ती मोठी शहाणपणाची. पण एकदोन खाचरे बिघडली असतील तोवरच. धुराने सगळे शिवारच खराब झाले की सगळ्याच मोऱ्या आवळल्या जातात आणि पाणी पाटाच्या तोंडाशी तुंबते. फुफ्फुसाच्या रोहिणीतला दाब चढतो. पातळ भिंतीचा उजवा कप्पा पैलवानाचे काम करू पाहतो, फुगतो, थकतो. मागे तुंबलेले रक्त मानेच्या शिरांत दिसते, यकृतात साठते आणि पायांवर सूज आणते. आत्याच्या पायाची सूज ही अशी तिच्या चुलीतून निघालेली होती.

हा दाब प्रत्यक्ष मोजायचा तर शिरेतून नळी थेट हृदयात न्यावी लागते. 1929 साली वेर्नर फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरने ती प्रथम स्वतःच्याच दंडातून आत सारली. पुढे अमेरिकेत कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्या नळीने हृदयरोगाचे शास्त्र उभे केले, आणि तिघांना 1956 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेक वेळा छातीवर यंत्र फिरवून, ‘एको’ काढून, या दाबाचा अंदाज घेता येतो. आत्याचा अंदाज हवा त्याच्या कितीतरी पुढे होता.

इथे मला एका बाईंचे नाव घेतलेच पाहिजे. डॉक्टर एस. पद्मावती, 1917 साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. परदेशातून शिकून आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात काम करू लागल्या. फुफ्फुसांपायी हृदय निकामी झालेले रुग्ण त्यांच्यापुढे येत, त्यांत बायकाही फार. आणि या बायका बहुतेक विडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. 1959 साली त्यांनी आणि डॉक्टर पाठक यांनी अशा 127 रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या मोठ्या नियतकालिकात छापला आणि चुलीच्या धुराकडे बोट दाखवले. पद्मावतीबाई 2020 साली, 103 व्या वर्षी वारल्या. म्हणजे आत्याच्या आजाराचे कारण छापून आले तेव्हा आत्याचा जन्मही झाला नव्हता! पुढे 2009 साली पुण्याचे डॉक्टर संदीप साळवी यांनी इंग्लंडच्या डॉक्टर बार्न्स यांच्याबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, गोवऱ्या असल्या जळणाच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी. ज्ञान छापले जाते. ते मुरबाडच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला मात्र एस.टी.देखील मिळत नाही.

एकोसाठी आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई आणि तिचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. अंगाने काडी, बोटांची टोके फुगीर, नाकाला नळी. आत्याने पिशवीतून चकलीचा डबा काढला आणि रीतीप्रमाणे आधी त्याच्यापुढे धरला. मी ओशाळून म्हणालो, “आत्या, त्याला पथ्य असेल.” मुलाची आई हसली. “नाही हो. याला तळलेलं आणि खारट लागतंच. याच्या घामातून मीठ जातं.”

मुलाला सिस्टिक फायब्रोसिस होता. आईबापांकडून एकेक सदोष जनुक आले की हा आजार होतो. शरीरातला चिकटा घट्ट होतो, फुफ्फुसे तुंबतात, अन्न पचत नाही. न्यूयॉर्कच्या डॉरोथी अँडरसन यांनी 1938 साली हा विकार नीट ओळखून वेगळा केला. 1948 च्या उन्हाळ्यात तिथे उष्म्याची लाट आली, तेव्हा अशी मुले जास्त कोसळली. त्यावरून डॉक्टर दि सांत-आन्येसे यांनी घामातल्या मिठाचा छडा लावला, आणि घाम तपासून निदान होऊ लागले. सदोष जनुक 1989 साली सापडले. हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे नाहीच, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. 1968 साली भारतातून पहिली नोंद झाली, तरी आजही अशी मुले क्षय किंवा कुपोषण म्हणून औषधे घेत फिरतात. या मुलाचीही पाच वर्षे तशीच गेली होती. 2019 साली अमेरिकेत तीन औषधांची एकत्र गोळी मंजूर झाली आणि तिथल्या अनेक रुग्णांचे आयुष्य पालटले. पण ती प्रत्येक जनुकदोषाला लागू पडत नाही, आणि तिची किंमत ऐकून ती माउली गप्प बसली होती.

तीही एकोसाठीच आली होती. कारण रोग वेगळा असला तरी शेवटची वाट हीच. फुफ्फुसे झिजली, प्राणवायू कमी पडला की मोऱ्या आवळतात, दाब चढतो आणि उजवा कप्पा थकतो. वाढलेल्या सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हा दाब चढलेला दिसला की आयुष्याची दोरी आखूड झाल्याचे डॉक्टर समजतात, आणि फुफ्फुस बदलण्याचा विचार लवकर करतात. एकाला रोग जन्माबरोबर आला, दुसरीला लग्नाबरोबर.

मुलाने आत्याला विचारले, “आजी, तुमचा आकडा किती?”

“चौऱ्याऐंशी.”

“माझा एक्क्याण्णव. पण नळी लावून. म्हणजे ग्रेस मार्क धरून.”

दोघेही हसली आणि दोघांनाही खोकला आला.

डॉक्टरांनी सांगितले ते थोडक्यात असे. फुंकरीची औषधे, सुजेसाठी लघवीच्या गोळ्या, लशी आणि प्राणवायू. हा दाब उतरवणाऱ्या खास गोळ्या बाजारात आहेत, पण त्या मुख्यतः दुसऱ्या जातीच्या आजारासाठी. अशा झिजलेल्या फुफ्फुसांत त्यांचा भरवसा नाही. आयुष्य वाढवण्याची खात्री आहे ती प्राणवायूची. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये अशाच 87 रुग्णांवर प्रयोग झाला, त्याचा वृत्तान्त 1981 साली आला. 42 जणांना रोज निदान 15 तास प्राणवायू दिला, 45 जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्यांतले 19 गेले, दुसऱ्यांतले 30. “रोज पंधरा तास. मधूनमधून हुंगून चालणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “आणि किती सोडायचा ते मी ठरवीन. बरं वाटतं म्हणून बटण वाढवलंत तर अपाय होईल.”

हवेतला नायट्रोजन अडवून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र विजेवर चालते. आम्ही भावंडांनी वर्गणी काढून ते घ्यायचे ठरवले, घरी लहान इन्व्हर्टर आणि वीज फारच वेळ गेली तर एक सिलिंडर. सगळे जमले. मग डॉक्टरांनी शेवटची अट सांगितली.

“यंत्र असेल त्या खोलीत विस्तव नको. चूल नको, समई नको, उदबत्तीसुद्धा नको. प्राणवायूत आग भडकते. आणि धूर तर घरातच नको.”

आत्या उठून उभी राहिली. “मग राहू दे तुमचं यंत्र. मी आले त्या दिवशी सासूबाईंनी चूल माझ्या हाती दिली. ती विझवून मी जगू? आणि देवापुढे दिवा नको? दिवाळी तोंडावर आली!”

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलेना. मी मोठ्या उत्साहाने गॅसचा विषय काढला. उज्ज्वला योजना 2016 च्या मे महिन्यात सुरू झाली, तिची शेगडी घरात होतीच. वहिनी हळूच म्हणाली, “आहे भाऊजी. चहाला वापरतो. सिलिंडर संपला की पैसे लागतात, लाकडाला फक्त डोकं लागतं, भारा वाहायला.” पाटी-पुस्तकांच्या माणसाला याहून नेमके उत्तर मिळाले नसते.

दोन दिवस आत्या ऐकेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर बसलो होतो. आत वहिनी चूल पेटवत होती. फुंकणीचा आवाज, मग खोकला. पुन्हा फुंकणी, पुन्हा खोकला. वहिनीचे वय बेचाळीस. आत्या माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती आणि कान देऊन ऐकत होती. मी काही बोललो नाही. या एका गोष्टीचे श्रेय मी घेतो.

“मास्तर,” ती म्हणाली, “माझाही खोकला असाच होता रे. सुरुवातीला. असाच कोरडा.”

जरा वेळाने तिने वहिनीला हाक मारली. “वीसबावीस वर्षं झाली ना गं तुला या घरात? सोड ती फुंकणी. मला नाही, तुला सांगतेय.”

त्या आठवड्यात चूल परसदारी गेली. पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. आंघोळीचे पाणी अजून तिच्यावर तापते, कारण त्या पाण्यापुरता गॅस परवडत नाही. पण ती आता उघड्या पडवीत आहे, आणि आत दोन वेळचा स्वयंपाक शेगडीवर होतो. वर्षाच्या सिलिंडरांचा खर्च आम्ही तिघा भाच्यांनी वाटून घेतला आहे. आजवर त्या घरी ज्या चकल्या खाल्ल्या त्यांचे हे बिल, आणि तेही फार उशिरा आलेले. देवापुढची समई पडवीतल्या कोनाड्यात हलली. आत्याची कुरकुर आहे, पण ती सोडून सगळे ठीक आहे.

गेल्या रविवारी जाऊन आलो. पायांची सूज उतरली आहे. नळी लावून आकडा 91 येतो. ओटीच्या पायऱ्या अजून एका दमात होत नाहीत आणि होतील असे डॉक्टरांनी म्हटलेलेही नाही. झिजलेले फुफ्फुस परत येत नाही. वर्षे किती, हे मी विचारले नाही. आत्यानेच विषय काढला. नाकातली नळी बोटाने सारखी करत म्हणाली, “गंमत बघ. जन्मभर नळीतून दिलं. आता नळीतून घेतेय.” मग इस्पितळातल्या त्या मुलाची आठवण काढली. त्याच्यासाठी चकल्यांचा एक डबा बांधून दिला, मीठ चढे घालून. तो पोचवायचा आहे. त्याच्या आईने फोन नंबर दिला होता.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात हा धुराचा विषय मी काढला याबद्दल राग नसावा. तुमच्यापैकी पुष्कळजण या सुट्टीत गावी जाल. चुलीवरच्या जेवणाचे कौतुक कराल, तसे ते आजकाल पैसे मोजून हॉटेलातही करतात. यंदा एवढे करा. जी बाई वाढते आहे तिला चार पावले बरोबर चालवा. बोलताबोलता ती दमते का, पायावर बोट दाबले तर खळगा राहतो का, ओठ निळसर दिसतात का, हे पाहा. ‘वय झाले’ असे निदान मात्र करू नका. श्वास मोजण्याची तपासणी साधी आहे. ती लवकर झाली तर धूर थांबवायला वेळ उरतो.

आमच्या धंद्यात एखादा जुना शब्द वापरातून गेला की हळहळण्याची रीत आहे. वैल, भानवस, शिंके हे शब्द मी वर्गात सांगतो तेव्हा शहरातली मुले गोंधळून पाहतात आणि मला वाईट वाटते. मुरबाडहून निघताना वहिनीने ती लोखंडी फुंकणी माझ्या हातात दिली. “तुमच्या कॉलेजात दाखवायला न्या.” ती आता माझ्या टेबलावर आहे. मुलांना तिचा अर्थ मी जरूर समजावून सांगीन. तो त्यांना ठाऊक नसला तर या एका शब्दाबद्दल मात्र मला बरे वाटेल.